पत्र्याखालची परीक्षा

मे महिन्यात भर दुपारी जिंतूरच्या रस्त्यावर एखादा माणूस दिसला, तर तो एक तर एसटी चुकलेला असतो किंवा आमचे विज्ञानाचे सर असतात. डोक्याला पांढरा रुमाल, सँडलच्या आत मोजे आणि कमरेच्या पट्ट्यात खोचलेली टेंपरेचरची बंदूक. ही बंदूक कोरोनाच्या काळात शाळेत आली होती. पोरांच्या कपाळासमोर धरायची, आकडा बघायचा आणि आत सोडायचं, एवढंच तिचं काम. कोरोना ओसरला, शाळेनं बंदूक मोडीत काढली आणि सरांनी ती मागून घेतली. तिला एक दुसरं बटण असतं आणि ते दाबलं की कपाळाऐवजी कुठल्याही वस्तूचं तापमान कळतं, हा शोध त्यांनी लावला, आणि आमच्या स्टाफरूममधली शांतता संपली. चहा आला की आधी बंदूक यायची.

"एकाहत्तर. थांबा भूगोल, जीभ भाजंल."

भूगोल म्हणजे मी. सर सहकाऱ्यांना नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मराठीच्या बाई म्हणजे मराठी, इतिहासाचे सर म्हणजे इतिहास. मुख्याध्यापक कुठलाच विषय शिकवत नसत, म्हणून सरांनी त्यांना कधी हाक मारली नाही. ते समोर आले तर सर खडू शोधायला लागायचे.

माझी आणि त्यांची जवळीक माझ्या विषयामुळं झाली. त्यांचं म्हणणं असं, की ऊन हा भूगोलाचा भाग आहे, त्यामुळे मराठवाड्यातल्या उन्हाची थोडीफार जबाबदारी माझ्यावर येते. पारा चढला की ते माझ्याकडं असं बघायचे, जणू मी रात्री बसून तो चढवला आहे. शिवाय आमची घरं एकाच गल्लीत. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचं जे महाभारत पुढं घडलं, त्याचा संजय मला व्हावं लागलं.

सरांनी स्वतः आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता. पत्त्यांनासुद्धा ते 'वेळेचं बाष्पीभवन' म्हणायचे. खेळायची ती त्यांची मुलगी, ऋतुजा. बी.एस्सी. झालेली, घरी दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरसमोर बसायची. पाच जणांनी बंदुका घेऊन दुसऱ्या पाच जणांवर चालून जायचं, असला तो खेळ. त्यात ही पोरगी इतकी तरबेज, की पुण्यातल्या मुलींच्या एका संघानं तिला हेरलं होतं. हा संघ स्पर्धा खेळायचा आणि मुलींना त्याचा पगार मिळायचा. त्यांनी तिला कळवलं होतं, की तुझा हात चांगला आहे, पण तुझा कॉम्प्युटर अडखळतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड बसव, मग तुझी चाचणी घेऊ.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रकार. गेममधली झाडं, भिंती, माणसं तो भराभर काढतो, तेव्हा खेळणाऱ्याला पुढचं दिसतं. ऋतुजाच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची जागा रिकामी होती. त्यामुळे पडद्यावर झाड अर्धंच उगवायचं, भिंत थरथरायची, आणि समोरचा शत्रू हिला नीट दिसायचा तो हिला गोळी घालून झाल्यावर. तरीही ही अंदाजानं मारायची आणि बऱ्याचदा जिंकायची. पण अंदाजावर पगार मिळत नाही.

"पप्पा, मला कार्ड घ्यायचंय," ती एका रविवारी म्हणाली. मी तिथंच बसलो होतो.

"घेऊ की. पण बघून घेऊ," सर म्हणाले.

आपले पप्पा म्हणजे काय चीज आहे हे माहीत असूनही ती बिचारी त्या दिवशी खूश झाली.

बाजारात दोन कंपन्यांचा झगडा होता. त्यांची नावं मला आता नीट सांगता येणार नाहीत, कारण सगळे त्यांना रंगावरूनच ओळखतात, एक हिरवी आणि एक लाल. किंमत जवळपास तीच. ज्यानं हिरवं घेतलं तो लालवाल्याला अडाणी समजतो आणि ज्यानं लाल घेतलं तो हिरव्यावाल्याला फसलेला. सरांनी दोघांचा अभ्यास चालू केला तो अस्सल मास्तरांच्या पद्धतीनं. लाल कार्डाला स्मरणशक्ती जास्त होती, पण ते वीज फार प्यायचं आणि तापायचं. "पाठांतर चांगलं हाय, पण लवकर चिडतंय," असा सरांचा शेरा. हिरवं कार्ड हुशार, पाण्यातलं प्रतिबिंब, भिंतीवरचा उजेड असं झकास काढायचं. मात्र त्याला एक खोड होती. दोन चित्रांच्या मधलं चित्र ते स्वतःच्या मनानं रचून मधे घुसवायचं, म्हणजे खेळ जास्त गुळगुळीत दिसावा. हे कळलं त्या दिवशी सर शाळेत तणतणत आले.

"भूगोल, ते हिरवं कॉपी करतंय! जे बघितलंच न्हाई ते लिहायलंय. आमच्या वर्गात असतं तर पेपर फाडून हातात दिला असता."

त्यांनी इंटरनेटवरचे तुलनेचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. इंग्रजी बघितले, हिंदी बघितले, एक तर चिनी बघितला, खालची अक्षरं वाचत. आणि एक दिवस सगळे एकदम बाद करून टाकले. झालं असं होतं, की अमेरिकेतला एक पोरगा दोन्ही कार्डं टेबलावर ठेवून सांगत होता की हे इतकं तापतं, ते तितकं तापतं. सरांनी व्हिडिओ थांबवला आणि मला पडद्याजवळ ओढलं.

"काय दिसायलंय?"

"कार्ड," मी म्हणालो.

"कार्ड सोडा. त्यानं घातलंय काय? स्वेटर! स्वेटर घालून बसलंय हे पोरगं आन मला सांगायलंय कार्ड तापत न्हाई म्हणून. अहो, गार खोलीत सगळेच हुशार असतेत!"

गार खोलीत सगळेच हुशार असतेत. हे वाक्य त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवीन. बदलून आलेल्या शिक्षकाचं कुणी कौतुक केलं की सर हेच म्हणायचे. नवा जावई किती शांत आहे, असं गल्लीत कुणी म्हणालं तरी हेच. त्यांचा सिद्धांत साधा होता. जे मे महिन्यात जिंतूरला चालतं, ते चालतं. बाकी सगळ्या अफवा.

सरांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. ती सामान ठेवायला बांधली होती, पण उन्हाळ्यात तिथं ठेवलेल्या मेणबत्त्या आडव्या झाल्या तेव्हापासून वहिनी तिथं फक्त कुरडया वाळवायच्या. सरांनी कुरडया हलवल्या आणि खोलीला परीक्षा केंद्र म्हणून घोषित केलं. वेळ दुपारी बारा ते तीन. खिडकी बंद. कोपऱ्यात एक फर्राटा पंखा होता, त्याच्या पिनेला सुतळीच्या गाठी मारून टाकल्या. "परीक्षा चालू असताना कुनी पंखा लावला, तर ती कॉपी धरन्यात येईल." हे त्यांनी मला आणि वहिनींना समोर उभं करून ऐकवलं.

आता परीक्षेला कार्डं कुठून आणायची? दुकानदार काही चाचणीला कार्ड देत नसतो. पण सरांनी जिल्हाभर पोरं शिकवली होती. झरीला त्यांचा एक जुना विद्यार्थी खताचं दुकान चालवायचा. चांगला दोन लेकरांचा बाप, पण दुकान बंद झालं की गेम खेळायचा. त्याच्याकडं हिरवं होतं. सर गंगाखेड तालुक्यात नोकरीला होते तेव्हाचा एक विद्यार्थी राणीसावरगावला शेती करायचा. त्याच्याकडं लाल. दोघांना सरांचा फोन गेला. आपल्याकडं शिक्षकाचा फोन आला की माणूस चाळिशीचा असला तरी उभा राहून बोलतो. दोघंही 'हो सर' म्हणाले आणि अडकले.

राणीसावरगाववाला आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटी बदलत बदलत आला. एका कंडक्टरनं म्हणे त्याला आजारी माणूस समजून खिडकीची जागा दिली. झरीवाला जवळचा, तो खताच्या टेंपोतून आला. दोघांना पत्र्याखाली शेजारी शेजारी बसवलं, मध्ये पुठ्ठा उभा केला. मी विचारलं, "पुठ्ठा कशाला?" तर म्हणाले, "एकाची गरम हवा दुसऱ्याला लागू नये." मला वाटतं, त्यांना खरी भीती दुसरीच होती.

कार्ड किती तापलं ते पडद्यावर दिसतं. सरांना ते मान्य नव्हतं. "सोताचे मार्क सोता द्यायलंय का ते?" म्हणून ते दर थोड्या वेळानं कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात बंदूक धरायचे आणि आकडा खडूनं पत्र्यावर लिहायचे. ती दोन मोठी माणसं बनियनवर बसून, घामाच्या धारांत, पडद्यावर कुणाला तरी गोळ्या घालत होती, आणि सर पाठीमागं हात बांधून फेऱ्या मारत होते. निकाल हाताशी आला तशी लाईट गेली. ती परत येईपर्यंत कार्डं गार झाली. परीक्षा पहिल्यापासून.

असे बरेच दिवस गेले. मग एके दिवशी सरांच्या डोक्यात आलं की आपल्याकडं प्रत्येक घरी कूलर असतो, तेव्हा कूलरसकट परीक्षा झाली पाहिजे. घरातला एकुलता एक कूलर त्यांनी वर चढवला आणि त्याचं तोंड झरीवाल्याच्या उघड्या कॉम्प्युटरला लावलं. हिरव्या कार्डाचा पारा धाडकन खाली आला. सर इतके खूश झाले की मला मिठी मारली.

"जे अमेरिकेला सुचलं न्हाई, ते जिंतूरनं करून दाखवलं!"

त्या आनंदात त्यांनी झरीवाल्याचा कॉम्प्युटर तसाच कूलरसमोर ठेवून घेतला. आमच्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. कूलरच्या गवतावर चार दिवसांत पांढरा थर बसतो, बादलीवर बसतो, नळावर बसतो. तो त्या कार्डावरही बसला. आठवड्याभरानं बघतो तर कार्ड चुन्याची भिंत झालं होतं, आणि चालू केल्यावर त्यानं एकदा 'टक' असा आवाज केला आणि मान टाकली. झरीवाल्यानं कार्ड रुमालानं पुसून बघितलं. शिक्षकासमोर काय बोलणार? डोळे मात्र भरून आले होते त्याचे. सरांनी त्याला भरपाई म्हणून कूलर देऊन टाकला. त्या उन्हाळ्यात वहिनी ओल्या चादरी दाराला लावून झोपल्या आणि सरांशी फक्त ऋतुजामार्फत बोलल्या.

"म्हंजे हिरवं नापास?" ऋतुजानं विचारलं.

"नापास कसं? ते आजारानं गेलं. फेरपरीक्षा पुढल्या उन्हाळ्यात."

पुढचा उन्हाळा आला. झरीवाल्यानं नवं हिरवं कार्ड घेतलं होतं, ते तो हातात धरून आला, कॉम्प्युटर घरीच ठेवून. म्हणाला, "सर, ह्याला मी सोता घिऊन बसतो." म्हणून ऋतुजाचाच कॉम्प्युटर वर नेऊन त्यात आधी हिरवं आणि मग लाल बसवलं. हिरवं बसलं तेव्हा मी ऋतुजाचं तोंड बघितलं. पहिल्यांदाच तिच्या खेळातली झाडं पूर्ण उगवली होती. ती खेळणं सोडून नुसती गवत बघत फिरत होती. तीन वाजता सरांनी ते कार्ड काढून झरीवाल्याच्या हातात दिलं. निकाल असा लागला, की दोन्ही कार्डं पास. किंचित फरक होता, पण लालच्या दिवशी आभाळ आलं होतं, असं सरांचं म्हणणं पडलं. दिवाळीपर्यंत त्यांनी विचार केला. दिवाळीत दोन्ही कंपन्यांची नवी कार्डं आली.

"अभ्यासक्रम बदलला," सर म्हणाले.

इकडं पुण्याच्या संघाचाही धीर सुटला. त्यांनी ऋतुजाला कळवलं, येत्या मे महिन्यात शेवटची चाचणी घेऊ, नाही जमलं तर ती जागा दुसरीला देऊ. तो निरोप घेऊन ती माझ्याकडं आली होती. "काका, तुमी सांगून बघा पप्पांला." मी सांगितलं. सरांनी मला विचारलं, की जिंतूर आणि परभणीच्या तापमानात साधारण किती फरक असतो. सांगण्याचा एवढाच उपयोग झाला.

आणि मग जानेवारीत स्थळ आलं.

मुलगा पुण्यात नोकरीला, पगार चांगला, घरचे लोक पाथरीकडचे. सकाळची वेळ, हवेत गारठा, वहिनींनी पोहे केलेले. मला सरांनी 'तटस्थ निरीक्षक' म्हणून बोलावलं होतं. मुलगा दिसायला बरा होता आणि प्रत्येक गोष्टीवर "मला काही प्रॉब्लेम नाही" म्हणत होता. मुलीनं नोकरी केली तरी त्याला प्रॉब्लेम नव्हता, नाही केली तरी नव्हता. ऋतुजा गेम खेळते, हे वहिनींनी जरा घाबरतच सांगितलं. तो हसला.

"छंद चांगला आहे. लग्नानंतर आपोआप सुटतो."

सगळे हसले. सरही हसले. त्याचा मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही. ज्या माणसानं परीक्षेत कार्डावरच्या इवल्या पंख्याचा आवाज डोळे मिटून ऐकला होता, त्याला हे वाक्य ऐकू आलं नाही. वर त्यांनी कमरेची बंदूक काढून पाहुण्यांच्या मुलाच्या कपाळासमोर धरली.

"छत्तीस! एकदम नॉर्मल," म्हणाले, आणि कपातला चहा संपायच्या आत म्हणाले, "आमच्याकडून होकार समजा."

दोन उन्हाळे! दोन उन्हाळे त्यांनी एका कार्डाला घातले होते, आणि जावयाला अर्धा कप चहा. ऋतुजा रिकाम्या बशा ट्रेमध्ये गोळा करत होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"पप्पा, जानेवारी चालू हाय."

"मग?"

"कार्डाला तुमी दोन उन्हाळे बघितलं. तरी म्हनता अजून कळंना. आन ह्यांला जानेवारीत पास करायलात?" मग तिनं मुलाकडं बोट केलं. "बघा की. स्वेटर घालून बसलेत ते."

सगळ्यांनी बघितलं. मुलानंसुद्धा स्वतःच्या अंगाकडं बघितलं. निळ्या रंगाचा, बिनबाह्यांचा, चांगला स्वेटर होता.

दुसरा कुठलाही बाप पोरीवर ओरडला असता. वहिनी तर ओरडण्याच्या तयारीतच होत्या. सर मात्र त्या स्वेटरकडं बघत राहिले. वर्गात एखाद्या पोरानं त्यांची फळ्यावरची चूक काढली की त्यांचा चेहरा असाच व्हायचा, आधी लाल आणि मग एकदम लहान मुलासारखा.

"मुद्दा बरोबर हाय," ते म्हणाले. मग पाहुण्यांकडं वळून हात जोडले. "पाहुने, माफ करा, माझी घाई झाली. मुलाला मेमधी एकदा पाठवून द्या. दुपारी बारा ते तीन. वरी पत्र्याची खोली हाय आमची."

मुलाच्या वडिलांना ती थट्टा वाटली. ते मोठ्यानं हसले. सर हसले नाहीत, तेव्हा तेही थांबले. पाहुणे गेले आणि नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, एक बंदूक घरात होती ती काय कमी होती, आता पोरगी बी गोळ्या घालायलीय." पण त्या वेळी त्यांच्या तोंडावर मी जे बघितलं ते दुःख नव्हतं. सरांना मात्र वाटत होतं की आपण तत्त्वाला जागलो. पोरीनं आपल्याला वाचवलं, हे त्यांच्या डोक्यात शिरायला आणखी बराच वेळ जायचा होता.

मार्च संपता संपता ऋतुजा शिकवण्यांचे पैसे घेऊन एसटीनं परभणीला गेली. दुकानात विचारलं, "आत्ता काय शिल्लक हाय?" जे होतं ते घेतलं आणि परतीच्या गाडीनं आली. हिरवं की लाल, ते मी इथं सांगणार नाही. झरी आणि राणीसावरगाव, दोन्हीकडून मला फोन येतात.

सरांनी विचारलं, "कुठल्या आधारावर घेतलंस?"

"मिळालं म्हनून."

त्या रात्री सर जेवले नाहीत, असं वहिनींकडून कळलं.

चाचणीचा दिवस मेमधलाच आणि वेळ दुपारी एकची. पुण्यात दुपार ही नुसती वेळ असते, हे त्या संघाला कोण सांगणार? कॉम्प्युटर फेरपरीक्षेपासून पत्र्याच्या खोलीतच होता. इंटरनेटची वायरही तेव्हाच तिथं नेली होती आणि खाली शिकवण्या चालायच्या. सरांना तर आनंद झाला. मुलीची चाचणी आणि कार्डाची परीक्षा एकाच वेळी, एकाच खोलीत. पर्यवेक्षक म्हणून ते स्वतः, निरीक्षक म्हणून मी. मी आल्या आल्या म्हणालो, "सर, आज तरी पंखा लावू."

"पंखा लावला तर निकाल ग्राह्य न्हाई."

मी ऋतुजाकडं बघितलं. तिनं केस घट्ट बांधले, ओला नॅपकिन मानेवर टाकला आणि म्हणाली, "नका लावू काका. नंतर म्हनतील पंख्यामुळं जिंकली."

खेळ चालू झाला. मला त्यातलं काही कळत नाही. पण तिच्या बाजूची माणसं पडत होती आणि ती शेवटपर्यंत उभी राहत होती, एवढं दिसत होतं. सर बंदूक धरून आकडे मोठ्यानं सांगत होते आणि पत्र्यावर लिहीत होते. "शहात्तर... एक्क्याऐंशी..." पत्रा इतका तापला होता की खडू धरताना हात मागं घ्यावा लागत होता. मग चित्र अडखळायला लागलं. कार्ड फार तापलं की स्वतःला वाचवायला हळू चालतं. ऋतुजाची दोन माणसं त्यातच गेली. ती ओठ चावत होती. हनुवटीवरून घाम की-बोर्डवर पडत होता आणि ती तो पुसतसुद्धा नव्हती. जिंकली तर पुणे, हरली तर खाली दहावीचं बीजगणित आणि पुढचा जानेवारी. हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

"अठ्ठ्याऐंशी," सर म्हणाले. मग ते पुढचा आकडा बोललेच नाहीत.

मी वळून बघितलं. त्यांचा हात तसाच पुढं होता, पण बंदूक कार्डावरून ढळून पोरीच्या कपाळाकडं गेली होती. आकडा त्यांना दिसला असावा, मला नाही दिसला. ते एकदा तिच्याकडं आणि एकदा बंदुकीकडं बघत होते. जन्मल्यापासून जी पोरगी डोळ्यांसमोर वाढली, ती त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसत होती असं वाटलं.

त्यांनी बंदूक खाली ठेवली. कोपऱ्यात गेले. पंख्याच्या पिनेची सुतळी बोटांनी सुटेना, तशी दातानं तोडली. पीन लावली, फर्राटा ओढत आणला आणि पोरीला आणि कॉम्प्युटरला सारखाच वारा लागेल असा उभा केला. मग खिडकीही उघडली.

"सर, परीक्षा?" मी म्हणालो.

"गप बसा, भूगोल."

आयुष्यभर ज्या माणसानं कॉपी पकडली, पोरांच्या बाह्या वर करून बघितल्या, पट्टीच्या मागं बघितलं, तो माणूस भर परीक्षेत गुडघ्यावर बसून पंखा हातानं तिरपा धरत होता. चित्र पुन्हा सरळ चालायला लागलं. ऋतुजानं मागं बघितलं नाही. तिच्या कानाला हेडफोन होता, तिला कळलं की नाही देव जाणे.

संघानं तिला घेतलं. जूनमध्ये ती पुण्याला गेली, कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून. सर तिला सोडायला स्टँडवर आले होते. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीकडं बंदूक रोखली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. आकडा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सर आता निवृत्त झाले आहेत. पत्र्याच्या खोलीत पुन्हा कुरडया वाळतात. पत्र्यावर मात्र त्या दिवसाचे आकडे तसेच आहेत, आणि शेवटच्या आकड्याखाली, बोर्डाच्या परीक्षेत गैरप्रकार सापडला की लिहितात तसं, सरांच्या अक्षरात लिहिलं आहे: 'निकाल राखून ठेवला आहे.' त्याखाली बारीक अक्षरात, 'पर्यवेक्षक दोषी.' आणि त्याखाली त्यांची सही. वहिनी दर दिवाळीला ते पुसायला फडकं घेऊन वर जातात, आणि सर दारात उभे राहून त्यांना पुसू देत नाहीत.